तिसऱ्या गिअरमध्ये यवतेश्वर

नारायणरावांना ट्रॅक्टरने मागे टाकलं ती जागा ते आजही बोट करून दाखवतात. उंब्रज सोडून साताऱ्याकडे निघालं की रस्ता किंचित वर जातो. त्याला चढ म्हणणं म्हणजे खऱ्या चढांचा अपमान आहे. डबलसीट सायकलवालेसुद्धा तिथे खाली उतरत नाहीत. पण त्या रविवारी समोरून वारा सुटला होता, डिझेल पिकअपच्या हौद्यात भडंगाची पोती थरावर थर रचलेली होती, आणि नारायणरावांचा उजवा पाय अ‍ॅक्सिलेटर दाबून दाबून पार पत्र्याला टेकला तरी गाडी आपली रांगतच होती.

एवढ्यात मागून टेपचा आवाज यायला लागला. उसाचे दोन ट्रेलर ओढणारा एक ट्रॅक्टर हळूहळू शेजारी आला. इतका हळूहळू, की त्यावरच्या डोक्याला टॉवेल गुंडाळलेल्या गड्याला नारायणरावांकडे नीट निरखून बघता आलं.

"काय पाव्हनं," तो टेपचा आवाज कमी करून म्हणाला, "गाडी नवीनच शिकताय व्हय?"

आणि गेला पुढे. शेवटच्या ट्रेलरच्या फळीवर तांबड्या रंगात लिहिलं होतं: 'दमानं या'. ही ओळ खास आपल्यासाठीच रंगवून घेतलीय असं नारायणरावांना वाटलं.

नारायणराव सोमवार ते शनिवार सांगलीत एका कचेरीत फायली पुढे सरकवत आणि रविवारी पिकअप. पिकअप घेतली होती ती त्यांच्या पत्नीच्या, चारुलताबाईंच्या भडंगासाठी. विश्रामबागेतल्या घरामागच्या शेडमध्ये चुरमुऱ्यांना लसणीची आणि तिखटाची फोडणी बसली की अर्धी कॉलनी शिंकायची आणि उरलेली अर्धी वाटी घेऊन यायची. गाडी चालवताना नारायणराव इस्त्रीचा शर्ट घालत आणि खिशाला पेन लावत. आपण ड्रायव्हर नसून मालक आहोत हे लोकांना कळावं म्हणून. लोक तरीही त्यांना "ओ पिकअपऽ" अशीच हाक मारत.

अपमान झाला तो झालाच. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी अपमानापेक्षा मोठी गोष्ट घडली. नारायणराव थक्क झाले. दोन ट्रेलर ऊस! ओला, करकरीत, वजनदार ऊस! आणि तो ओढताना गडी टेप ऐकतोय, चेष्टा करतोय. केवढी ती ताकद! आपल्या गाडीतही इंजिनच आहे, तेही डिझेलवरच चालतं, मग ही ताकद तिच्यात कुठे दडून बसलीय? साताऱ्याचा माल टाकून परत येईपर्यंत ते याच कोड्यात होते.

बातमी कॉलनीत पसरली. बातम्या आमच्या विश्रामबागेत पिकअपपेक्षा वेगाने जातात. सल्ल्यांची रांग लागली. कोपऱ्यावरचे एक निवृत्त गृहस्थ म्हणाले, एअर फिल्टर काढून टाका, गाडीला मोकळा श्वास घेऊ द्या. त्यांना स्वतःला दमा होता. वरच्या मजल्यावरच्या लीलाबाई म्हणाल्या, गाडीला दृष्ट लागलीय, आणि खात्री म्हणून त्यांनी बॉनेटवरून मीठमोहऱ्या ओवाळल्या. शेजारचे नागसेन सर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, वर पोत्यांकडे पाहिलं आणि खिशातला खडू काढून नारायणरावांच्या फाटकावरच आकृती काढली.

"नारायणराव, तुमचा प्रश्न वजनाचा नाहीच. भडंगाला वजन असतं का कुठे? तुम्ही पोती एवढी उंच रचता की त्यांचं शीड होतं. समोरून वारा आला की गाडी अडते. वरचे थर कमी करा, मोठी खेप असेल तर दोनदा जा. बस."

सरांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं, त्यामुळे ते कुणालाच आवडलं नाही. ज्या उपायात पाना-स्क्रू लागत नाही तो उपाय पुरुषमाणसाच्या मनाला पटत नाही.

"सर म्हणतात तसं करा ना," चारुलताबाई म्हणाल्या.

"दोन खेपा म्हणजे त्या ट्रॅक्टरवाल्याला दोनदा तोंड दाखवायचं," नारायणराव म्हणाले आणि फाटकावरची आकृती ओल्या फडक्याने पुसून आले.

तरीही प्रकरण तिथेच निवलं असतं. पण त्याच संध्याकाळी साताऱ्याहून सौमित्रचा फोन आला. सौमित्र म्हणजे नारायणरावांचा साडू, चारुलताबाईंच्या धाकट्या बहिणीचा, सईचा नवरा. वयाने लहान, पगाराने मोठा, आणि दारात नवी कोरी पांढरी मोटार. साडू कितीही सज्जन असला तरी त्याच्याशी बोलताना माणूस जरा ताठ बसतो. सौमित्रने साताऱ्यावरच्या यवतेश्वरच्या डोंगरावर बंगला बांधला होता आणि त्याची वास्तुशांत होती.

"भडंग ताईंचंच," सौमित्र म्हणाला. "येणाऱ्या प्रत्येकाला एकेक पाकीट द्यायचं. पण नारायणराव, तुमचं ते धूड घाट चढेल ना? नाही तर खाली ठेवा, मी दोन फेऱ्यांत माझ्या गाडीतून वर आणतो."

"तिसऱ्या गिअरमध्ये चढवून दाखवतो," नारायणराव म्हणाले. आपण काय बोललो ते त्यांना रिसीव्हर ठेवल्यावर कळलं. यवतेश्वरच्या घाटात भल्याभल्या गाड्या पहिल्या-दुसऱ्याच्या वर जात नाहीत.

रात्री जेवताना चारुलताबाई वेगळंच बोलत होत्या. वास्तुशांतीला साताऱ्याचे भाऊसो येणार होते. फरसाणाचं त्यांचं दुकान मोठं. त्यांच्या फळीवर जो माल लागतो तो अख्ख्या जिल्ह्यात जातो.

"त्यांनी एकदा चव बघावी एवढंच माझं मागणं आहे," त्या ताटातल्या भाताकडे बघत म्हणाल्या. "किती वर्षं मी दुकानादुकानात जाऊन 'चव तर बघा' म्हणत उभी राहतेय. लोक बसासुद्धा म्हणत नाहीत. कंटाळा आलाय हो आता मला."

नारायणरावांचा घास हातातच राहिला. काहीही झालं तरी हा माल दिमाखात वर न्यायचा, असं त्यांनी ठरवलं. त्यांचा हेतू चांगला होता. त्यांचे सगळेच हेतू चांगले असतात.

कुंडलचा हिंदुराव हे नाव तोवर त्यांच्या कानावर आलंच होतं. हिंदुराव डिझेल पंप वाढवून द्यायचा. म्हणजे इंजिनाला डिझेल पोचवणारा जो पंप असतो, त्याचा स्क्रू पिळून इंजिनाला जास्त डिझेल पाजायचं. त्याने हात लावलेले ट्रॅक्टर चिखलातून ट्रक ओढून काढतात, अशी ख्याती होती. नारायणराव सगळा लवाजमा घेऊन त्याच्याकडे गेले. हौद्यात पोतीसुद्धा तशीच होती, कारण भरल्या गाडीचीच ताकद कळते असा हिंदुरावाचा निरोप होता.

हिंदुरावाने एका लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. नारायणरावांनी नकळत चपला काढल्या.

"इंजान झ्याक हाय," हिंदुराव डोळे उघडून म्हणाला. "उपाशी हाय बिचारं. मागं माल काय घालताय?"

हिंदुरावाने हौद्यातलं एक पोतं दोन्ही हातांनी, पाय रोवून, दम धरून उचललं आणि तो पाठीमागे पडता पडता वाचला. मग त्याने ते एका बोटावर धरलं.

"ह्यात काय हाय?"

"भडंग," नारायणराव म्हणाले.

हिंदुरावाने ते अलगद खाली ठेवलं. त्याने दुसरं पोतं हलवून पाहिलं. तिसरं पाहिलं.

"आवं सायेब, समद्यातच भडंग हाय?"

"सगळ्यात. पण घाट चढायचाय. तिसऱ्या गिअरमध्ये."

कारागीर मोठ्या मनाचा. हसला नाही. "घाट म्हंता तर घाट," तो म्हणाला आणि पंपापाशी वाकला. "ह्यो स्क्रू बगा. ह्येच्यावर सील असतंय. का? तर मानसानं भिऊन ऱ्हावं म्हून." कट्ट असा आवाज झाला आणि नारायणरावांच्या अंगावर काटा आला. हिंदुरावाने स्क्रू पिळला, टायमिंग पुढे घेतलं, नोझल साफ केले, आणि सायलेन्सरच्या पोटातलंही काहीतरी काढून भंगारात फेकलं.

मग गाडी सुरू झाली. नारायणरावांनी लग्नात ऐकलेला चौघडा, गणपतीतले ढोल, सगळं सगळं त्या आवाजापुढे फिकं होतं. जमीन थरथरली. झाडावरचे कावळे उडाले. मागच्या नळीतून काळाभोर लोट निघाला आणि समोरचं रसवंतीगृह दिसेनासं झालं.

"धूर जरा जास्त येतोय का?" नारायणरावांनी आदराने विचारलं.

"धूर म्हंजी ताकदीचा पुरावा," हिंदुराव म्हणाला. रसवंतीतून कुणीतरी त्याच्या घराण्याचा उद्धार करत होतं.

आता धुराचा दाखला घेणं आलं. नारायणराव नियमाचा माणूस. असल्या गाडीला दाखला असावा म्हणून ते आपण होऊन तपासणीच्या टपरीवर गेले. तिथल्या इसमाने नळीत यंत्राचा पाइप घातला आणि "दाबा" म्हणाला. नारायणरावांनी मनापासून दाबलं. यंत्राचा काटा झपकन शेवटच्या टोकाला गेला आणि तिथेच बसला. त्या इसमाने यंत्राला टपली मारली, तोंडावरून रुमाल फिरवला, रुमालाकडे पाहिलं.

"साहेब, गाडीचं नंतर बघू," तो म्हणाला, "आधी माझं यंत्र दुरुस्त करून द्या."

या नामुष्कीतही नारायणरावांना कुठेतरी अभिमान वाटला. यंत्राला न मोजवणारी ताकद आपल्या बुडाखाली आहे, हा विचार त्यांना सहीसाठी फायली उघडतानाही आठवायचा आणि ते गालात हसायचे. साहेबांना वाटलं याची बढती कुठूनतरी पक्की झाली.

वास्तुशांतीच्या दिवशी सकाळी गाडी निघाली. नारायणरावांनी पाकिटांनी भरलेली पोती नेहमीपेक्षा एक थर जास्तच रचली, वर ताडपत्री टाकली आणि दोरीला स्वतःच्या हाताने गाठ मारली. शेजारी चारुलताबाई ठेवणीतली साडी नेसून बसल्या होत्या आणि "हळू, अहो हळू" एवढंच म्हणत होत्या, त्यामुळे महामार्गावर त्यांना पाय आखडता घ्यावा लागला. ट्रॅक्टर काही भेटला नाही. ज्याला दाखवायचं तो नेमका अशा वेळी नसतो. साताऱ्यात सईकडे चहा झाला. सई म्हणाली, "ताई, साडी धुरकटलीय बघ तुझी, तू आता आमच्याबरोबर ये." चारुलताबाई मोटारीत बसल्या. नारायणराव पिकअपमध्ये एकटे राहिले, आणि मोटारीच्या पुढे निघाले.

घाट सुरू झाला. त्यांनी दुसरा टाकला, मग छातीवर हात ठेवून तिसरा. गाडी क्षणभर गुरगुरली आणि सुटली. काय सुटली! वळणामागून वळण खाली जायला लागलं. झाडं मागे, दगड मागे, एक जीप मागे, एक एसटी मागे! एसटीचा ड्रायव्हर खिडकीतून काहीतरी ओरडला. नारायणरावांनी नम्रपणे मान लववली. आरशात पाहिलं तर काळ्या धुराखेरीज काही नाही. त्या धुरातून मोटारीचा हॉर्न यायला लागला. पी पी पी, थांबायचं नाव नाही.

"साइड मागतोय!" नारायणराव एकटेच मोठ्याने म्हणाले. "नवी गाडी, आणि साइड मागतोय!" त्यांनी आणखी पाय दाबला.

आणि नवल म्हणजे जसजसं वर जावं तसतशी गाडी अधिकच हलकी होत होती. हिंदुरावाची करणी ही! एका वळणावर खाली सगळा सातारा दिसला, समोर अजिंक्यतारा उन्हात उभा, आणि आपण त्याच्या बरोबरीने वर चाललोय. नारायणरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. शाळेच्या शर्यतीपासून कचेरीतल्या बढतीपर्यंत जो तो त्यांना मागे टाकून गेला होता. आज पहिल्यांदा त्यांच्या पुढे कुणी नव्हतं. पुढे फक्त आभाळ होतं. माणसाला इतका आनंद झेपत नाही. त्यांनी खिशातलं पेन काढून उगाचच परत लावलं. गाडी रिकामी असावी अशी पळत होती.

बंगल्यापुढे त्यांनी ती तिसऱ्या गिअरमध्येच आणून उभी केली. मांडवातली मंडळी आवाज ऐकून बाहेर आली होती. नारायणराव ऐटीत उतरले, बॉनेटवर थाप मारली, हात पोळला, तरी हसत हसत मागे गेले आणि फळका पाडला.

हौदा रिकामा होता. सगळा. मध्यभागी दोरी पडली होती, आणि दोरीला मारलेली गाठ अगदी पक्की होती. ती काही सुटली नव्हती, पोतीच तिच्याखालून निसटून वाऱ्यावर गेली होती.

मागोमाग मोटार आली. ती आता पांढरी नव्हती. वायपर काचेवरून काजळी आणि चुरमुरे इकडून तिकडे सारत होता. सौमित्रच्या चेहऱ्यावर डोळे तेवढे ओळखू येत होते. चारुलताबाई उतरल्या. त्यांच्या कुशीत एक फाटकं, रिकामं पोतं होतं.

"हॉर्न मारत होतो आम्ही," त्या म्हणाल्या. "एकेक पोतं धुरातून बाहेर येत होतं. पहिल्या वळणापासून."

"मला वाटलं सौमित्र साइड मागतोय."

चारुलताबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या पोत्याची घडी घालत राहिल्या. घडी नीट बसेना, म्हणून उलगडून परत घालत राहिल्या. त्या ताटातल्या भाताकडे बघत जे बोलल्या होत्या ते सगळं नारायणरावांना आठवलं आणि ते मटकन फळक्यावर बसले. "चुकलं माझं," ते म्हणाले. आतली ताकद सगळी गेली होती.

तेवढ्यात स्कुटरवरून एक जोडपं आलं. मागे बसलेल्या बाई पाकिटातून काहीतरी खात होत्या. मग जीप आली, तिच्यातले सगळेच खात होते. मग एसटीतून उतरलेले पाहुणे चालत आले. प्रत्येकाच्या हातात पाकीट, पोरांच्या दोन्ही खिशांत पाकिटं. कठड्यावर माकडांची रांग बसली होती, आणि तीही पाकिटं फाडण्यात गर्क होती. शेवटी एक भारदस्त गृहस्थ आले. धोतर, काळी टोपी, मिशीला तिखट लागलेलं.

"घाटात ह्ये आभाळातनं पडाय लागलंय," भाऊसो म्हणाले. "कुनाचं हाय? पाकिटावर नाव हाय, चारुलता, इस्रामबाग. माकडासंगं भांडून घेतलंय मी. लय म्हंजी लयच झ्याक! आन् त्यो चुलीच्या धुराचा वास! चुलीवर करताय न्हवं?"

सगळे चारुलताबाईंकडे बघायला लागले. सई बहिणीला कोपराने ढोसत होती. 'हो' म्हण, एवढंच काम होतं. चारुलताबाईंनी पदर सावरला.

"माल माझा आहे, चव माझ्या हातची आहे," त्या म्हणाल्या. "पण तो वास चुलीचा नाही. यांच्या गाडीचा आहे."

भाऊसोंचा जबडा थांबला. त्यांनी पाकिटाकडे पाहिलं, पिकअपकडे पाहिलं, सौमित्रच्या तोंडाकडे पाहिलं. मग ते असे हसले की टोपी पडली.

"बाई, 'चुलीवरचं हाय' म्हनला असता तरी मी घेतलं असतं. आता तर घेनारच. दर आठवड्याला माल पाठवा. फकस्त वास तेवढा घरी ठिवा." आणि त्यांनी शेजारची खुर्ची पुढे ओढली. "उभ्या का? बसा की."

चारुलताबाई बसल्या. नारायणराव बघत राहिले. एसटी मागे पडली तेव्हासुद्धा ते एवढे थक्क झाले नव्हते.

दुसऱ्याच दिवशी ते कुंडलला गेले. हिंदुरावाने दोनदा विचारून खात्री करून घेतली.

"ताकद कमी कराय आलेलं तुमी पयलंच गिऱ्हाईक," तो स्क्रू उलटा फिरवत म्हणाला. त्याच्या आवाजात खराखुरा आदर होता.

पुढच्या रविवारी पोती ठेंगणी रचली होती. गाठ नागसेन सरांनी मारली होती. ती मारताना ते घर्षणावर बरंच बोलले आणि या वेळी सगळ्यांनी ऐकून घेतलं. उंब्रजच्या पुढे, त्याच चढाला, मागून टेपचा आवाज आला. तोच ट्रॅक्टर, तेच दोन ट्रेलर, तोच टॉवेल. हळूहळू शेजारी आला.

"काय पाव्हनं, अजून शिकतायच व्हय?"

नारायणरावांनी त्याच्याकडे पाहिलं. "व्हय गड्या," ते म्हणाले. "आता कुठं जरा यायला लागलंय."

तेवढ्यात चारुलताबाईंनी त्यांच्या पुढ्यातून हात लांब केला आणि एक पाकीट ट्रॅक्टरवाल्यापुढे धरलं. दोन्ही गाड्या इतक्या सावकाश चालल्या होत्या की त्याला ते आरामात घेता आलं. एका हाताने स्टिअरिंग धरून तो दुसऱ्या हाताने आणि दातांनी पाकीट फाडायला लागला. पाकीट फाटेना. ट्रॅक्टर हळू झाला. मग फाटलं, त्याने बकाणा भरला, आणि टेपही बंद केला. ट्रॅक्टर आणखी हळू झाला.

पिकअप आपल्या चालीने रांगत होती. रांगत रांगत ती ट्रॅक्टरच्या पुढे गेली.

"बघितलंत?" चारुलताबाई म्हणाल्या.

नारायणरावांनी आरशात पाहिलं. धूर नव्हता. पोती होती, सगळीच्या सगळी, आणि पोत्यांच्या मागे ट्रॅक्टर होता.